घरात गॅस होता, मग धूर कुठला?

मागच्या थंडीतली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास मी धाकट्याचा बनियन वर करून बसलेले आणि मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून त्याचे श्वास मोजत होते. पोट वर आलं की एक, परत वर आलं की दोन. पहिल्यांदा ४४ आले, वाटलं आपण घाबरून चुकीचे मोजले असतील, परत मोजले तर ४७. तो तेव्हा दीड वर्षाचा होता. आधीच्या आजारपणात डॉक्टरांनी हे मोजायला शिकवून ठेवलेलं, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास झाले तर थांबायचं नाही, वर्षाच्या आतल्याला ५०, आणि दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर ६०. मूल रडत असताना मोजायचे नाहीत, झोपलेलं किंवा शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. शिवाय श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय का ते बघायचं. आमच्याकडे खड्डा पडत होता, थोडासाच, पण पडत होता.

नवऱ्याला उठवलं, पोराला गोधडीत गुंडाळलं आणि निघालो. रस्त्यात मी काय काय नवस बोलले ते सोडा. न्यूमोनिया निघाला. त्या थंडीत ताप-खोकल्याची ही तिसरी खेप होती, पण हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडला. औषधं सुरू झाली, दुसऱ्या दिवशी श्वास जरा खाली आले, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहितालिहिता सहज विचारलं, घरी चूल आहे का?

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, नाही हो, दोन वर्षं झाली, गॅस आहे आमच्याकडे.

त्यांनी मान हलवली, आणि मग म्हणाले, "आंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

आता काय सांगणार. बंबावर. आणि बंब कुठे, तर मोरीच्या कोपऱ्यात. आणि मोरी कुठे, तर स्वयंपाकघराला लागून, मधे नुसता पडदा. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि सांगतानाच मला कळत गेलं की आपण दोन वर्षं स्वतःलाच फसवतोय.

घरी आल्यावर मी एक काम केलं. शाळेतल्या वहीचं मागचं पान घेतलं आणि आठवडाभर नुसतं लिहून काढलं, घरात विस्तव कधी कधी पेटतो. कुणाला सांगितलं नाही. पहाटे साडेपाचला बंब. सातला चहा-दुधाला गॅस. नऊला जनावरांचं शिजवायला मागच्या पडवीत चूल, ती एकदा पेटली की "आता पेटलीच आहे तर" म्हणून त्यावरच मोठं पातेलं चढायचं. दुपारी परत गॅस, पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी गोठ्यात डासांसाठी धूर. रात्री खोलीत मच्छर अगरबत्ती, म्हणजे ती हिरवी गोल कॉइल, आणि ती कुठे, तर पाळण्याखाली, कारण डास बाळालाच जास्त चावतात ना! दिवसाच्या हिशोबात गॅस सगळ्यात कमी जळत होता. सिलेंडर पुरवून वापरायचा ही सवय अशी अंगात मुरलेली की गॅस म्हणजे पाहुणे आल्यावर, घाई असल्यावर. सरपण फुकट असतं ना. फुकट म्हणजे ते गोळा करायला मी आणि सासूबाई आठवड्यातून तीनदा जायचो तो वेळ कुणी धरतच नाही.

त्याच दरम्यान माझा भाऊ आला होता, त्याला असल्या गोष्टींचं वेड आहे. त्याने हवेतली धूळ मोजायचं एक छोटं मीटर आणून ठेवलं, हातात मावेल एवढं, स्क्रीनवर एकच आकडा. तो म्हणाला ताई, हे पीएम २.५ मोजतं. म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाइतके, नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी मर्यादा सांगितली ती चोवीस तासांच्या सरासरीला एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम.

पहाटे पाचला मी मीटर लावलं, ३८ दाखवलं. बंब पेटला. सासूबाईंनी वर गोवरी ठेवली, दोनदा फुंकलं, पडदा जरा हलला. स्वयंपाकघरातला आकडा दहा मिनिटांत चारशेच्या पुढे गेला आणि मग ९९९ वर जाऊन बसला, हलेचना. मला वाटलं मशीन बिघडलं. भाऊ म्हणाला बिघडलं नाही, याला तीनच आकडे दाखवता येतात. मग ते उचलून धाकटा झोपतो त्या खोलीत नेलं, जिथे धूर डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता, वासही फारसा नव्हता. २६०. पोरगं तिथे गाढ झोपलेलं, तोंड उघडं टाकून.

ते उघडं तोंड अजून डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

(एक सांगून ठेवते, कुणी असं मीटर वापरणार असाल तर, वाफेजवळ ठेवू नका. मी एकदा पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आकडा उडाला, मी घाबरले की गॅसवरही एवढं? तर ते पाण्याचे थेंबच कण समजून मोजतं. हवा दमट असली तरी जास्त दाखवतं. म्हणून नेमक्या आकड्याला फार कवटाळायचं नाही, कधी वाढतो आणि कधी उतरतो तेवढंच बघायचं.)

कॉइलचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. रात्री दार-खिडकी बंद, कॉइल पेटलेली, मीटर १८० च्या आसपास रात्रभर. २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात एक कॉइल जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात असं मोजलं होतं. घरात कुणी बिडी पेटवली तर मी उठून बाहेर पाठवते, आणि स्वतःच्या हाताने पाळण्याखाली हे ठेवत होते. कॉइल त्याच रात्री बंद. मच्छरदाणी आणि वर पंखा. पंख्याच्या वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

आता बंब. इथे सासूबाई आणि मी समोरासमोर आलो. मला वाटलेलं त्या "आम्ही नाही का पोरं वाढवली धुरात" म्हणतील. म्हणाल्या, पण एकदाच. खरं म्हणजे त्यांचे मुद्दे सरळ होते आणि माझ्याकडे उत्तरं नव्हती. घरात सहा माणसं, सगळ्यांना पहाटे पाणी लागतं. लाईट नेमकी पहाटे जाते. एक गॅस अडवून पाणी तापवत बसलं तर सकाळचं बाकीचं कधी व्हायचं? आणि सिलेंडर पंधरा दिवसांत संपला तर आणायला कोण जाणार? "तू मशीन दाखवतेस, मला पाणी दाखव," असं म्हणाल्या त्या. बरोबर होतं त्यांचं.

म्हणून रॉड आणला. बादलीत टाकायचा हीटर. आणि इथून पुढचे दोन महिने मी सांगते ते नीट वाचा कारण धुरापासून सुटायच्या नादात आम्ही दुसऱ्याच खड्ड्यात पडता पडता वाचलो.

चौथ्याच दिवशी सासूबाईंनी पाणी तापलं का बघायला बटण चालू असताना बोट घातलं. झटका बसला. बारीकच, पण त्या मागे सरकल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, पाच मिनिटं बोलल्याच नाहीत. त्यांच्या जागी मोठी असती तर? मोठी म्हणजे माझी लेक, पाच वर्षांची, आजीचं बघून बघून सगळं करते. वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडला आणि हसला, म्हणाला तीन पिनांचा सॉकेट आहे पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नाही. म्हणजे अर्थिंग नावालाच. इतकी वर्षं आम्ही त्यावर मिक्सर, इस्त्री सगळं चालवत होतो! अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग करून घेतलं आणि मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा तो ब्रेकर बसवला, करंट कुठे गळला की क्षणात सप्लाय तोडतो तो. माझं मत विचाराल तर घरात पाण्याशी संबंध येणारं कुठलंही विजेचं मशीन आणण्याआधी हे दोन करा. आम्ही उलट केलं.

दुसरं म्हणजे भाजणं. बंबाची तोटी उंच होती, पाणी मोठी माणसंच काढायची. रॉडची बादली जमिनीवर. मोठीने तांब्या भरून उचलला आणि पायावर सांडला. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाचेक सेकंदांत खोल भाजतं, मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. नशीब पाणी तेवढं तापलं नव्हतं. सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, मी पाय नळाखाली धरला आणि सोडलाच नाही, वीस मिनिटं, ती ओरडतेय, थंडी वाजतेय म्हणतेय, बाकी अंगावर चादर टाकली पण पाय पाण्याखालीच. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. फोड आला एक, डाग राहिला नाही. तेव्हापासून नियम असा की रॉडची बादली उंच कट्ट्यावर, मोरीला बाहेरून कडी, आणि आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी मग गरम, कधीच उलटं नाही. सर्दीत पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ द्यायचीही बंद केली, डॉक्टर म्हणाले वाफेने फायदा किती होतो माहीत नाही पण वाफेच्या पातेल्याने भाजलेली मुलं मात्र बघावी लागतात.

गॅस गिझरचाही विचार झाला होता. दीराने कुठेतरी बघितला, भराभर पाणी, लाईट नको. पण आमच्या न्हाणीला खिडकीच नाही, आणि बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस आंघोळीला जातो आणि आतच कोसळतो. नको म्हटलं.

शेवटी काय केलं तर बंब बाहेर काढला. बस्स, एवढंच. मागच्या अंगणात, घरापासून पंधरा-वीस पावलं, वारा घराकडून बाहेर जातो त्या बाजूला, वर पत्र्याचं छोटं छप्पर. रोज रॉड, लाईट नसेल तेव्हा बंब. जनावरांची चूल पडवीतून उचलून गोठ्याच्या पलीकडे नेली. आणि गॅस "घाईपुरता" न ठेवता रोजचा सगळा स्वयंपाक त्यावर करायचा असं ठरलं, सिलेंडर संपायच्या आधी दुसरा भरून ठेवायची जबाबदारी नवऱ्याची. पहिल्या महिन्यात तो दोनदा विसरला, दोन्ही वेळा त्याला गार पाण्याने आंघोळ करायला लावली सासूबाईंनी. 😄

पहाटेचा आकडा आता ५०-६०. शून्य नाही. शेजारी पेटलेलं आपल्याकडे येतंच, हवेला कुंपण नसतं.

आता इथे मला वाटलं झालं, जिंकलो. भावाला फोन करून सांगितलं तर त्याने उलटंच ऐकवलं. म्हणाला ताई, चार देशांत मोठा प्रयोग झाला, ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा, ३२०० गरोदर बायका, निम्म्यांना गॅसची शेगडी आणि सिलेंडर दिले, निम्म्या चुलीवरच. २०२४ मध्ये निकाल छापला, बाळांच्या गंभीर न्यूमोनियात दोन्हीकडे काही फरक नाही. मी म्हटलं मग मी एवढं सगळं कशाला केलं? तो म्हणाला थांब, ग्वाटेमालातच आधी धुराड्याच्या चुलींचा प्रयोग झाला होता, २०११ मध्ये छापला, त्यात एकूण न्यूमोनियात खात्रीने सांगावा असा फरक नव्हता, पण गंभीर केसेस साधारण एक तृतीयांश कमी झाल्या. मला दोन दिवस काही सुचेना. मग परत तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, धूर हे एक कारण आहे, एकमेव नाही. धुरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो हे आहेच, पण दूध, खाणं, लस, घरात किती माणसं दाटीने झोपतात, हात धुतात का, हे सगळं त्याच मुलाच्या छातीत जाऊन बसतं. आणि म्हणाले लसीचं कार्ड आणलंय का.

कार्ड बघितलं तर न्यूमोकोकलचा, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या लसीचा, शेवटचा डोस राहिलेला. नवव्या महिन्यात द्यायचा, तेव्हा घरात लग्न होतं. मी मीटर घेऊन घरभर फिरत होते आणि हे कार्ड कपाटात पडून होतं. तिथल्या तिथे टोचून घेतलं.

फ्रिजचं वेगळंच. तोवर तो घरात नव्हताच, आणि त्या आजारपणात जे औषध दिलं होतं ते पावडर पाणी घालून मिसळायचं, मिसळल्यावर थंड जागी ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं. आम्ही बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली होती, आता त्याचा किती उपयोग झाला देव जाणे. म्हणून फ्रिज घ्यायचं ठरलं. आला, पूजा झाली, सगळ्यांनी आत डोकावून घेतलं.

मला वाटलं आता उरलेलं टाकायला नको, पोटं बिघडायची बंद. पंधरा दिवसांत उलट धाकट्याला जुलाब. साधा थर्मामीटर आत ठेवून बघितला तर ११ अंश. पाच किंवा त्याच्या खाली पाहिजे, पाच ते साठ अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आमचा फ्रिज म्हणजे नुसतं बंद कपाट झालेलं. कारणं घरगुतीच होती. व्होल्टेज कमी, गरम पातेली थेट आत, एकाला एक चिकटवून ठेवलेली भांडी, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार उघडून उभं, सगळ्यात जास्त माझा नवरा. स्टॅबिलायझर लावला, भांडी कमी केली. शिजवलेलं दोन तासांच्या आत आत गेलं पाहिजे, पण मोठं पातेलं तसंच न ठेवता उथळ डब्यांत काढून. लाईट गेली तर दार उघडायचंच नाही, बंद फ्रिज साधारण चार तास तग धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर दूध आणि शिजवलेलं मुलांना देत नाही, जनावरांना जातं. आता ४-५ अंशांवर असतो. औषधाची बाटली मधल्या कप्प्यात, दाराच्या कप्प्यात नाही, दार सारखं गरम-गार होत राहतं.

आणि फ्रिजच्या मागची ती ट्रे! मला माहीतच नव्हतं तिथे ट्रे असते. खोलीत डास वाढले, मच्छरदाणीतून बाहेर पाय काढला की चावा, तेही दिवसा. दीराने फ्रिज ओढला, खाली पाण्याने भरलेली ट्रे आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी किंचाळलेच. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासून काढायचं. आता दर रविवारी फ्रिजची ट्रे, कूलरची टाकी आणि पाण्याचा पिंप, तिन्ही घासायचं काम मोठीकडे आणि माझ्याकडे. ती ब्रश मारते आणि "अळी नाही" असं जोरात ओरडून आजीला कळवते.

वॉशिंग मशीनबद्दल मी सगळ्यात शेवटी लिहितेय कारण मला ते चैनीचं वाटायचं. साधं दोन डब्यांचं मशीन, पाणी आपण भरायचं, कपडे एकातून काढून दुसऱ्यात पिळायला टाकायचे. सासूबाई म्हणाल्या, हात काय झिजलेत का. पण खरं सांगू का, धाकट्याचं वजन वाढायला लागलं ते या मशीननंतर. मशीनमुळे नाही हो, माझ्यामुळे. आधी मी रोज दीड-दोन तास कपड्यांवर, आणि धाकटा मोठीच्या ताब्यात, किंवा माझ्या शेजारी बादल्यांच्या मधे. चार बोटं पाण्यातसुद्धा एवढं मूल बुडू शकतं, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. आणि त्याला भरवायचं म्हणजे सकाळी एकदा, दुपारी एकदा, मधे हातात काहीतरी कोरडं. दीड वर्षाच्या मुलाला दिवसातून तीन-चारदा नीट जेवण आणि मधे एकदोनदा खाऊ लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्याही डोक्यात होतं, वेळ कुठे होता? एका घासाला तो चार मिनिटं लावतो. मशीन फिरत असताना मी त्याला मांडीवर घेऊन बसते, वाटी, चमचा, समोर कोंबडी, घास. त्या जादा अर्ध्या-पाऊण तासाने जे केलं ते कुठल्या टॉनिकने केलं नाही.

मशीनचं सांडपाणी दारात साठायचं, तिथे परत डास. शेवटी पाईप लांबवून झाडांना सोडला. एक संपलं की दुसरं.

आणि हो, सगळा वेळ काही मांडीवर गेला नाही. खोटं कशाला बोलू. टीव्हीपण आहे, आणि कार्टून लावलं की धाकटा तोंड उघडून घास घेतो, पटपट. मी दोन महिने तसंच भरवलं. मग लक्षात आलं की टीव्ही बंद असेल तर तो तोंडच उघडत नाही, आणि पोट भरलं हे त्याला कळतही नाही. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच आणि दोन ते चारला जास्तीत जास्त तासभर असं २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय. सवय मोडायला मला तीन आठवडे रडारड सहन करावी लागली. अजूनही माझं डोकं दुखत असलं की लावते, सांगून टाकते.

ही थंडी आली तेव्हा मी परत रात्री श्वास मोजायला बसले होते, एकदाच, सर्दी झाली होती म्हणून. ३२. दोनदा मोजले. ३२ आणि ३१. खोकला चार दिवसांत गेला. याचं श्रेय बंब हलवण्याला, लसीला, खाण्याला की तो एक वर्षाने मोठा झाला त्याला द्यायचं ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंचा पहाटेचा खोकला मात्र गेलाय, आणि गेला तो आम्हाला जाणवलाच नाही, एके दिवशी नवरा म्हणाला आई हल्ली पहाटे आवाज नसतो गं तुझा.

परवा रात्रभर लाईट नव्हती, पहाटे पाऊस, बाहेरचा बंब भिजलेला. सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, आज कुणी आंघोळ नाही केली तर चालेल. मी आ वासून बघत राहिले. मीटर भावाने कधीच परत नेलंय, म्हणजे आकड्याच्या भीतीने म्हणाल्या असंही नाही.

दिवाळीआधी स्वयंपाकघराला चुना मारला. आधी दरवर्षी मारायचो तरी महिन्याभरात वरची कोळिष्टकं काळी व्हायची, यावेळी भिंत अजून पांढरी आहे. फक्त गॅसच्या वर एक पट्टा पिवळसर व्हायला लागलाय. तळणाचा धूर असणार, आणि गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा छातीला त्रास देणारा वायू निघतोच म्हणे. खिडकी तिथे आहे पण ती उघडली की ज्योत विझते. नवऱ्याला म्हटलंय वर एक एक्झॉस्ट फॅन बसवू. भोक पाडायला गवंडी रविवारी येतोय.